३२ हजार कोरूटीन, ६४ जीबी रॅम आणि तरीही ‘मेमरी नाही’

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १:४०)

मंडळी, तीन रात्री घालवल्यावर धागा काढतोय. कोणी आधी यातून गेलं असेल तर हात द्या.

आमचा सर्व्हर ट्रक आणि बसमधल्या जीपीएस ट्रॅकरशी बोलतो. सी प्लस प्लस, लिनक्स. प्रत्येक ट्रॅकरचं एक टीसीपी कनेक्शन आणि प्रत्येक कनेक्शनला एक कोरूटीन. कोरूटीनची लायब्ररी घरचीच, कोणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी लिहून नोकरी सोडून गेलेला. प्रत्येक कोरूटीनला स्वतःचा २५६ केबीचा स्टॅक मिळतो. तो एममॅप या कॉलने कर्नलकडून मागून घ्यायचा, तळाचं एक पेज, म्हणजे ४ केबीचा तुकडा, एमप्रोटेक्ट या कॉलने बंद करायचं (गार्ड पेज), म्हणजे स्टॅक ओसंडला तर शेजाऱ्याच्या अंगावर न जाता तिथेच क्रॅश होईल. पुस्तकी पद्धत.

आजवर गिऱ्हाइकांकडे दहा-बारा हजारांच्या वर कनेक्शन कधी गेली नव्हती. आता एक मोठं गिऱ्हाईक आलंय, ५० हजार म्हणतंय. खोटे ट्रॅकर उभे करून लोड टेस्ट लावली तर ३२ हजार ५००-६०० च्या आसपास सर्व्हर आडवा. एरर: ‘कॅनॉट ॲलोकेट मेमरी’. मशीनला रॅम ६४ जीबी, त्यातली ५० च्या वर मोकळी. स्वॅपला हातही लागलेला नाही. युलिमिट (प्रोसेसवरच्या मर्यादा) बघितलं, अनलिमिटेड.

वाटलं २५६ केबी जास्त होत असेल, ६४ केबी केला. पडायचा आकडा तोच! १६ केबी करून बघितला, तरी तोच. म्हणजे प्रश्न मेमरीचा नाही हे कळलं, पण मग कशाचा आहे ते कळेना.

खडूस_कंपायलर (मंगळवार, सकाळी ८:०५)

एममॅप पडतंय की एमप्रोटेक्ट? आणि पडायच्या जरा आधी प्रॉकमधल्या मॅप्स फाइलच्या (प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा) ओळी मोज. इथे टाक.

रात्रपाळी (मंगळवार, सकाळी ११:२०)

एमप्रोटेक्ट! एममॅप निमूट यशस्वी होतंय, गार्ड लावताना पडतंय. हे मला उलटं वाटलं होतं. मेमरी मागताना मिळते आणि मिळालेल्या मेमरीतलं एक पेज बंद करायला मेमरी नाही?

मॅप्स फाइलच्या ओळी: ६५ हजार ५०० च्या वर.

पाटावरवंटा (मंगळवार, दुपारी १२:४५)

सापडलं की मग. कर्नलमध्ये मॅक्स मॅप काउंट नावाची एक मर्यादा आहे. बहुतेक डिस्ट्रोंवर ती वर्षानुवर्षं ६५,५३० राहिली. एका प्रोसेसला मेमरीचे इतकेच वेगवेगळे तुकडे ठेवता येतात. किती मोठे ते विचारत नाही, किती नग तेवढं बघते.

गावाकडचं उदाहरण देतो. प्रोसेसचा ॲड्रेस स्पेस म्हणजे शिवार समज. कर्नल प्रत्येक सलग तुकड्याचा एक सातबारा ठेवतो: कुठून कुठपर्यंत, वाचायची परवानगी आहे का, लिहायची आहे का. शेजारच्या दोन तुकड्यांची परवानगी एकसारखी असेल तर तो गुपचूप दोन्हींचा एकच सातबारा करून टाकतो. पण तू मध्ये बांध घातलास, म्हणजे गार्ड पेज लावलंस, की पोटहिस्से पडले. बांधाचा एक सातबारा, शेताचा एक. कोरूटीनमागे दोन. ६५,५३० भागिले २, त्यातून लायब्रऱ्या, थ्रेड आणि हीपचे काहीशे वजा कर. तुझा आकडा आला.

जमीन पडीक आहे रे, तलाठ्याची वही भरली आहे.

आणि एमप्रोटेक्ट आधी का पडतं तेही यातच आहे. तुकडा फाडायचा म्हणजे नवा सातबारा, आणि फाडताना मर्यादेची तपासणी एममॅपपेक्षा एका नगाने कडक आहे. म्हणून एममॅप कसाबसा आत शिरतो आणि त्याच्या मागचा एमप्रोटेक्ट दारात अडकतो. रुबीच्या फायबरवाल्यांना हाच प्रसंग ‘कान्ट सेट अ गार्ड पेज’ अशा शब्दांत दिसतो. निदान शब्द तरी खरे आहेत.

खडूस_कंपायलर (मंगळवार, दुपारी १:१०)

रात्रपाळी, एका गोष्टीसाठी तुमच्या त्या सोडून गेलेल्या माणसाला चहा पाजा. त्याने एमप्रोटेक्टची रिटर्न व्हॅल्यू तपासली. पुष्कळ लोक तपासत नाहीत, किंवा असर्टमध्ये (फक्त चाचणीपुरती तपासणी) घालतात आणि रिलीज बिल्डमध्ये असर्ट उडून जातो.

तसं झालं असतं तर काय? एमप्रोटेक्ट फसलं म्हणजे बांध पडला नाही. पुढचा एममॅप त्याच्या शेजारीच आला, परवानगी एकसारखी, म्हणून जोडून घेतला गेला, नवा सातबारा लागलाच नाही. पुढच्या एमप्रोटेक्टचंही तेच. म्हणजे टेस्ट ५० हजारांपर्यंत टुणटुणीत पास झाली असती आणि शेवटचे १७-१८ हजार स्टॅक एकमेकांना चिकटून, मध्ये एकही बांध नाही. गिऱ्हाइकाकडे सहा महिन्यांनी कुठल्यातरी बसची जागा भलत्याच तालुक्यात दिसली असती आणि तुम्ही जीपीएसच्या चिपला शिव्या घातल्या असत्या.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ११:५५)

अंगावर काटा आला वाचून.

आज दोन गोष्टी केल्या. पहिली, ती मर्यादा २,६२,१४४ केली. (आकडा इलास्टिकसर्चच्या कागदपत्रांतून आठवत होता, ते लोक किमान इतका मागतात.) ५० हजार सहज गेले. पण गिऱ्हाईक आपला सर्व्हर कंटेनरमध्ये चालवतं, आणि ही सेटिंग कंटेनरची नसते, खालच्या अख्ख्या मशीनची असते. त्यांच्या आयटीला विचारलं. उत्तर एका ओळीचं होतं आणि त्यात ‘नाही’ दोनदा होतं.

दुसरी गोष्ट, शहाणपणा केला. प्रत्येक स्टॅकसाठी वेगळा एममॅप कशाला? एकदाच १ जीबी घेतला आणि त्यातून १६ केबीचे स्टॅक कापत गेलो, प्रत्येकाच्या तळाला एमप्रोटेक्ट. पुन्हा ३२ हजार ५००-६००.

पाटावरवंटा (बुधवार, सकाळी ७:३०)

अरे, शंभर एकर एकाच खरेदीखतात घेतलीस म्हणून काय झालं, आत बांध घालत गेलास की पोटहिस्से पडणारच. एममॅप किती वेळा केलंस याला किंमत नाही. शेवटी नकाशावर तुकडे किती दिसतात ते बघ.

नव्या डिस्ट्रोंनी ही मर्यादा वाढवली आहे. फेडोरा ३९ पासून ती १०,४८,५७६ आहे. पण सर्व्हरवर नवी फेडोरा कोण ठेवतं!

नवखा_२३ (बुधवार, सकाळी १०:१५)

मध्येच विचारतोय, रागावू नका. कॉलेजात थ्रेड शिकवले, कोरूटीन नाही शिकवले. सातबारा कळला पण कोरूटीन नाही कळलं. आणि त्याला स्वतःचा स्टॅक का लागतो?

ताकपोळी (बुधवार, दुपारी १:३०)

रागवायचं काय त्यात. जेवणाच्या सुट्टीत आहे, सांगते.

शिंपी डोळ्यांसमोर आण. एका बाईचा ब्लाउज शिवतोय, अर्ध्यात अस्तर संपलं. अस्तर येईपर्यंत तो हातावर हात ठेवून बसत नाही, दुसरीचा ड्रेस घेतो. अस्तर आलं की पहिला ब्लाउज जिथे सोडला होता तिथून पुढे. असं अर्ध्यात थांबून, नंतर तिथूनच पुढे चालू होणारं काम म्हणजे कोरूटीन. शिंपी म्हणजे थ्रेड, आणि ‘आता दुसरं घेतो’ हे शिंपी स्वतः ठरवतो, मालक येऊन हातातलं ओढून घेत नाही.

आता अर्धवट ब्लाउज बाजूला ठेवायचा कसा? एक पद्धत: प्रत्येक गिऱ्हाइकाला एक स्वतंत्र टेबल. कापड, टाचण्या, खडूच्या खुणा, कात्री उघडी, सगळं जसंच्या तसं पसरलेलं सोडायचं आणि दुसऱ्या टेबलाशी जायचं. हे टेबल म्हणजे स्टॅक. रात्रपाळीदादांचं दुकान असं आहे, ५० हजार टेबलांचं. दुसरी पद्धत: कापडाला चिठ्ठी टाचायची, ‘डावी बाही राहिली, गळा ७ इंच’, आणि घडी घालून कपाटात. टेबल एकच. सी प्लस प्लस २० मध्ये आलेले कोरूटीन या चिठ्ठीच्या जातीचे. चिठ्ठीला जागा थोडी लागते. पण चिठ्ठीवर फक्त त्या एका फंक्शनचं लिहिता येतं. शिंप्याने मध्येच काजं-बटणवाल्याला बोलावलं असेल आणि तो अर्ध्यात थांबला, तर त्यालाही स्वतःची चिठ्ठी लिहिता यायला हवी. टेबल असेल तर कोण कुठे थांबला याने फरक पडत नाही.

खडूस_कंपायलर (बुधवार, दुपारी २:०५)

शिंपी आवडला. आणि ताईंनी शेवटी जे म्हटलंय तिथेच यांचं घोडं अडणार. ट्रॅकरचं पॅकेट उलगडणारी लायब्ररी बहुधा सी-मधली, कॉलबॅक घेणारी असेल. कॉलबॅकच्या आतून थांबायचं असेल तर चिठ्ठीवाले कोरूटीन कामाचे नाहीत, कारण मधल्या सी फंक्शनला चिठ्ठी लिहिता येत नाही.

रात्रपाळी (बुधवार, दुपारी २:४०)

बरोबर ओळखलंत. प्रोटोकॉलची लायब्ररी विकतची आहे, सोर्सही नाही. टेबलंच लागणार.

गोफणगुंडा (बुधवार, सायंकाळी ६:२०)

मी नेहमीचं बोलणार आहे, शिव्या तयार ठेवा. गो-मध्ये लिहिलं असतं तर हा धागा निघालाच नसता. गोरूटीनचा स्टॅक २ केबीपासून सुरू होतो आणि लागेल तसा वाढतो. लाखभर गोरूटीन माझ्या लॅपटॉपवर चालतात.

खडूस_कंपायलर (बुधवार, सायंकाळी ६:५०)

शिव्या नाही, पण इतिहास ऐकून घ्या, कारण तुमचं गो-ही याच खड्ड्यात पडून उठलंय.

आधी गो-मध्ये स्टॅक तुकड्यांचा असायचा. संपत आला की दुसरा तुकडा जोडायचा, फंक्शन परतलं की तो काढून टाकायचा. कल्पना सुरेख. पण समजा एका लूपच्या आतलं छोटं फंक्शन नेमकं तुकड्याच्या काठावर आलं, तर दर फेरीला तुकडा जोडा, तुकडा काढा. एक साधा लूप अचानक रांगायला लागायचा, आणि का, ते प्रोग्रामरला कळायचं नाही. एखादं व्हेरिएबल वाढवलं की काठ सरकायचा आणि सगळं पुन्हा ठीक. याला ते लोक ‘हॉट स्प्लिट’ म्हणायचे. रस्टनेही याच कारणासाठी २०१३ मध्ये तुकड्यांचे स्टॅक सोडले. गो-ने २०१४ मध्ये, १.३ आवृत्तीत, तुकडे टाकून सलग स्टॅक आणला: कमी पडला की दुप्पट मोठी जागा घ्यायची, सगळं तिकडे कॉपी करायचं, पॉइंटर दुरुस्त करायचे. त्यानंतरच १.४ मध्ये २ केबीची चैन परवडली.

‘पॉइंटर दुरुस्त करायचे’ हे तीन शब्द गो-ला परवडतात, कारण स्टॅकवरचा कोणता आकडा पॉइंटर आहे हे त्याच्या कंपायलरला माहीत असतं. सी-मध्ये कोणीही स्थानिक व्हेरिएबलचा पत्ता कुठेही नेऊन ठेवतो, इंटिजर करून ठेवतो, विकतच्या लायब्ररीला देऊन ठेवतो. स्टॅक हलवला की ते सगळे पत्ते जुन्या घरी जातात. म्हणून सी-मध्ये स्टॅक एकदा मांडला की हलत नाही, आणि म्हणूनच त्याचा आकार आधी ठरवावा लागतो.

पाटावरवंटा (बुधवार, रात्री ९:१०)

एक मधला मार्ग आहे. टेन्सेंटच्या लिबको लायब्ररीत ‘शेअर्ड स्टॅक’ मिळतो. सगळे एकाच मोठ्या टेबलावर शिवतात, आणि थांबायची वेळ आली की टेबलावर जेवढं पसरलंय तेवढंच हीपमध्ये कॉपी करून ठेवायचं. परत आलं की त्याच टेबलावर, त्याच जागी, पुन्हा मांडायचं. जागा तीच असल्यामुळे पत्ते चुकत नाहीत. जावामध्ये २०२३ साली जेडीके २१ बरोबर पक्के झालेले व्हर्च्युअल थ्रेड साधारण याच वळणाचे: थांबताना फ्रेम हीपवर.

सी-मध्ये मात्र यात एक मेख आहे. तुझा कोरूटीन झोपलेला असताना दुसऱ्याने त्याच्या स्थानिक बफरमध्ये लिहायचं ठरवलं, तर त्या क्षणी त्या पत्त्यावर भलत्याचाच ब्लाउज असतो. ‘या बफरमध्ये डेटा टाक, मी थांबतो’ हा तर सर्व्हरमधला रोजचा व्यवहार. तुमच्याकडे असं असेल तर शेअर्ड स्टॅकच्या वाटेला जाऊ नका.

शब्दकोडे (बुधवार, रात्री ९:४०)

विषयाला थोडं सोडून. स्टॅकला ‘चळत’ हा शब्द असताना वापरत का नाही? भाकऱ्यांची चळत, नाण्यांची चळत. वरून ठेवायची, वरूनच काढायची. अर्थ जसाच्या तसा बसतो.

ताकपोळी (बुधवार, रात्री ९:५५)

शब्द गोड आहे. पण उद्या स्टँडअपमध्ये ‘माझी चळत ओसंडली’ म्हटलं तर मला सुट्टी देऊन घरी पाठवतील.

शिवाय बहुतेक प्रोसेसरवर ही चळत वरून खाली वाढते. भाकऱ्या छताला चिकटवत खाली यायचं. म्हणून तर बांध तळाला.

सातवा_मजला (गुरुवार, सकाळी ९:००)

परफॉर्मन्सवाला बोलतोय. मेमरीचा प्रश्न सुटेल, पण दोन गोष्टी आत्ताच लक्षात घ्या, नंतर महागात पडतात.

पहिली. ते १ जीबीचं एकच खरेदीखत आणि बांध काढून टाकायचे, असं मनात आलं असेल तर मशीनवर ट्रान्सपरंट ह्यूज पेज ‘ऑलवेज’वर आहे का ते बघा. असेल तर एका स्टॅकच्या एका पेजला हात लावला की कर्नल २ एमबी सलग देऊन टाकू शकतो. २५६ केबीच्या हिशेबाने आठ स्टॅकची रॅम, सात जण अजून जन्मलेही नसताना. एममॅपला मॅप-स्टॅक हा फ्लॅग द्या. लिनक्सवर तो वर्षानुवर्षं शोभेचा होता, ६.७ पासून त्याचा अर्थ ‘इथे ह्यूज पेज नको’ असा झाला. जुन्या कर्नलवर एमॲडव्हाइजने (मेमरी कशी वापरायची ते कर्नलला सुचवणारा कॉल) तेच सांगा.

दुसरी जास्त खोडसाळ. तुमचे सगळे स्टॅक पेजच्या सीमेवर सुरू होतात, बरोबर? ३२ केबीचा, ८-वे एल-१ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) घ्या. ६४ बाइटच्या ओळी, ६४ संच. ६४ गुणिले ६४ म्हणजे ४०९६, नेमकं एक पेज. म्हणजे प्रत्येक स्टॅकचा माथा, जिथे झोपलेल्या कोरूटीनच्या सगळ्यात गरम फ्रेम असतात, तो कॅशच्या त्याच-त्याच संचांत येऊन बसतो. आठ जण मावतात, नववा आला की पहिला बाहेर. बाकीचा कॅश मोकळा असून दारात चेंगराचेंगरी. उपाय फुकट आहे: प्रत्येक कोरूटीनची सुरुवात माथ्यापासून थोडी वेगवेगळी खाली सरकवा, क्रमांकानुसार ६४ च्या पटीत. फक्त १६ बाइटचं अलाइनमेंट मोडू नका. ते मोडलं तर प्रिंटएफमध्ये कुठेतरी सेगफॉल्ट येतो आणि माणूस दोन दिवस प्रिंटएफकडे बघत बसतो. (हो, मीच.)

ताकपोळी (गुरुवार, दुपारी १:२०)

सगळे ‘कुठून आणायचा’ बोलताय. किती लागतो ते कोणी मोजलं का? आम्ही गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करतो, तिथे एमएमयू (पेजच्या परवानग्या सांभाळणारं हार्डवेअर) नाही, बांध घालायची सोयच नाही, आणि अख्खी रॅमच काहीशे केबी. म्हणून पहिली सवय लागते ती मोजायची.

फ्री-आरटॉसमध्ये (छोट्या कंट्रोलरवरची ऑपरेटिंग सिस्टीम) टास्क बनवताना तिचा स्टॅक ०xए५ या बाइटने भरून ठेवता येतो. काम चालू राहतं, दोन दिवसांनी तळापासून वर बघत जायचं की ए५ कुठपर्यंत शिल्लक आहेत. पूर ओसरल्यावर भिंतीवरची ओल बघतात तसं. शिवाय जीसीसीला स्टॅक-युसेज हा पर्याय दिला की प्रत्येक फंक्शन किती फ्रेम खातं त्याची यादी फाइलमध्ये येते. ती उतरत्या क्रमाने लावा आणि पहिली दहा नावं वाचा. दहापैकी एक तरी चोर निघतोच.

पाटावरवंटा (गुरुवार, दुपारी १:५०)

ताई, पद्धत पक्की. फक्त सर्व्हरवर सगळ्या स्टॅकना रंग लावू नये. लिनक्स स्टॅकची जागा देतो ती कागदावरची. ज्या पेजला हात लागेल तेवढीच खरी रॅम. २५६ केबीतली दोन-तीन पेजं वापरली तर ८-१२ केबीच खर्ची पडतात. ए५ भरायला गेलात की सगळ्या ६४ पेजना हात लागला. ५० हजार गुणिले २५६ केबी, १२ जीबीच्या वर. शंभरात एकाला रंगवा.

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री १२:३०)

ताई, दंडवत. चोर पहिल्याच नावाला.

शंभरातला एक रंगवून दिवसभर चालवलं. बहुतेक सगळे ११-१२ केबीत संपतात. आणि यादीत वरती आमचंच एक फंक्शन, फ्रेम ६५ हजार बाइटच्या वर. आत काय, तर जुन्या फर्मवेअरचं पॅकेट उलगडायला ६४ केबीचा स्थानिक ॲरे. जुने ट्रॅकर शेकड्यात दोन-चार, म्हणून रंगवलेल्यांत ते आलेच नाहीत. मी स्टॅक १६ केबी करून टेस्ट चालवली होती ना? खोटे ट्रॅकर नव्या फर्मवेअरचे होते म्हणून वाचलो.

खडूस_कंपायलर (शुक्रवार, सकाळी ८:१५)

आणि बांध असूनही वाचला नसता! बांध ४ केबीचा, उडी ६४ केबीची. स्टॅक पॉइंटर एकदम ६४ केबी खाली गेला आणि पहिलं लिखाण ॲरेच्या तळाशी झालं, तर बांधाला पायही न लागता माणूस पलीकडच्या शेतात. २०१७ मध्ये ‘स्टॅक क्लॅश’ नावाने जे गाजलं त्याचं मर्म हेच. त्यानंतर जीसीसी ८ मध्ये स्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन हा पर्याय आला: मोठी फ्रेम घेताना कंपायलर वाटेतल्या प्रत्येक पेजला एकेक टिचकी मारत जातो, म्हणजे बांध लागला की तिथेच अडकतो. चालू करा. विकतच्या लायब्ररीला अर्थात तो लागू होणार नाही, ती कशी कंपाइल केली आहे ते त्यांनाच ठाऊक.

नवखा_२३ (शुक्रवार, सकाळी ९:३०)

मग सातबारा न वाढवता बांध घालायची काही युक्तीच नाही का?

पाटावरवंटा (शुक्रवार, सकाळी १०:०५)

प्रश्न बरोबर विचारलास. आहे, पण ताजी आहे. लिनक्स ६.१३ मध्ये, २०२५ च्या जानेवारीत, एमॲडव्हाइजला ‘गार्ड इन्स्टॉल’ ही नवी आज्ञा मिळाली. ती तुकडा फाडत नाही, पेज टेबलातच त्या पेजवर ‘इथे पाय ठेवू नये’ अशी खूण करते. सातबारा एकच, आत हवे तेवढे बांध. पाय पडला की तोच सेगफॉल्ट. स्टॅकवाल्यांनी जे पंधरा-वीस वर्षं मागायला हवं होतं ते अखेर आलं.

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री ११:४५)

वाचून उडी मारली आणि लगेच खाली आलो. गिऱ्हाइकाचा कर्नल ५.१४.

तर सध्या असं ठरवलंय:

स्टॅक ६४ केबी. १६ स्टॅकची एक पट्टी, म्हणजे १ एमबी, आणि बांध फक्त पट्टीच्या तळाला. ५० हजारांना ३,१२५ पट्ट्या, सव्वासहा हजार सातबारे. पट्टीच्या आत प्रत्येक स्टॅकच्या तळाला ठरावीक आकडा लिहून ठेवायचा आणि दर वेळी कोरूटीन बदलताना तो शाबूत आहे का बघायचं. नसेल तर तिथेच प्रोसेस संपवायची. सुरू होताना ‘गार्ड इन्स्टॉल’ चालतंय का ते तपासतो, चाललं तर प्रत्येकाला खरा बांध. ६४ केबीचा ॲरे हीपवर नेला. माथे वेगवेगळे सरकवले. मोकळे झालेले स्टॅक शेवटी आलेला आधी वापरायचा या पद्धतीने, म्हणजे हातातला गरम असतो. फार साचले की थंड्या पट्ट्यांची पेजं एमॲडव्हाइजने परत, पण दर कोरूटीनमागे नाही. ते एकदा करून बघितलं, सगळे कोअर एकमेकांचे टीएलबी (पत्त्यांची कॅश) पुसत बसले.

खडूस_कंपायलर (शनिवार, सकाळी ९:१०)

आकडा तपासायचा म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप बघणं. बदलण्याच्या आधीच शेजाऱ्याची फ्रेम पुसली गेली असेल तर? निदान टेस्टमध्ये तरी प्रत्येक स्टॅकला खरा बांध ठेवा, तुमच्या मशीनवर मर्यादा वाढवलेली आहेच. आणि सेगफॉल्टचा हँडलर सिगऑल्टस्टॅकवर चालवा, नाहीतर संपलेल्या स्टॅकवर हँडलर कुठे उभा राहणार?

रात्रपाळी (शनिवार, दुपारी १२:२०)

केलं. टेस्टमध्ये सोळाच्या सोळा बांध, हँडलर वेगळ्या स्टॅकवर, पत्ता गार्ड पेजमध्ये पडला तर कोरूटीनचा क्रमांक छापतो. या वेळी जुन्या फर्मवेअरचे ट्रॅकरही मिसळले. दोन दिवस चालू ठेवतो.

रात्रपाळी (सोमवार, रात्री २:१५)

पडला. ३१ तासांनी.

गार्ड पेजमध्येच. बॅकट्रेस उघडला तर एकच फंक्शन शेकडो वेळा स्वतःला हाक मारतंय: स्टँडर्ड लायब्ररीतलं रेजेक्स (मजकुरात नमुना शोधणारं). कोणीतरी ट्रॅकरच्या आवृत्तीची ओळ साफ करायला एका ओळीचं रेजेक्स लिहिलं होतं. ओळ नेहमी वीस-तीस अक्षरांची. एका खोट्या ट्रॅकरने काहीशे अक्षरांचा कचरा पाठवला आणि दर अक्षराला एक फ्रेम उतरत गेली.

गिट ब्लेम काढला. मीच आहे.

खडूस_कंपायलर (सोमवार, सकाळी ८:००)

आणि हे नुसत्या आकड्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाकडे झालं असतं तर?

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ११:३०)

तर पंधराव्या स्टॅकने चौदावा खाल्ला असता आणि रेजेक्सकडे कोणी बघितलंही नसतं. आज रेजेक्स काढून हाताने बारा ओळी लिहिल्या. गिऱ्हाइकाच्या आयटीला कर्नलबद्दल पुन्हा मेल टाकलंय, या वेळी बॅकट्रेस जोडून.